मालखान्यातली बाटली : खात्यात नव्याने आलेल्यांसाठी

गेल्या महिन्यात आमच्या ठाण्याला नवी पोरं हजर झाली. सहा मुलगे, तीन मुली. पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एकाने विचारलं, "जमादार, सगळे म्हणतात या नोकरीत लय टेन्शन. ते नेमकं कशाचं असते?" मी नाकाबंदीला निघालो होतो, "नंतर सांगतो" म्हणालो. ते नंतर काही आलं नाही, म्हणून लिहून काढतो आहे. मी २००६ साली शिपाई म्हणून लागलो, आता हवालदार आहे, नोकरी सगळी वऱ्हाडात. कवायत, कायदा, सलाम कुणाला आणि कसा, हे तुम्ही शिकून आला आहात, त्यात मी शिरत नाही.

आधी ते कारण, जे कुणालाही विचारलं तरी पहिलं सांगेल. तास. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम २८ तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलं असेल : पोलीस अधिकारी सदैव कामावर आहे असं मानलं जाईल. पाठ करताना ते एक वाक्य असतं. पहिल्या गणपतीत, विसर्जनाच्या रात्री, तिसऱ्या वेळी पाय बुटातून बाहेर काढून परत आत घालताना ते वाक्य कळतं. २०१४ साली केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी देशभरातल्या ठाण्यांचा अभ्यास झाला होता. त्यात ठाण्यातले सुमारे ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करताना आढळले, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. २०१९ च्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत पोलिसाचा सरासरी दिवस चौदा तासांचा निघाला. मला हे आकडे वाचून नवल वाटलं नाही, बरं मात्र वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मीच कमी पडतो.

मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना एका शिपायाची होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढच्या वर्षी ती मुंबईतल्या इतर ठाण्यांतही गेली. एका शिपायाने कागदावर पाळ्या मांडून दाखवल्या आणि आयुक्तांनी त्या ऐकल्या, ही गोष्ट मी नव्या पोरांना आवर्जून सांगतो. आपल्याला संघटना करता येत नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचा संप झाला, लष्कर बोलवावं लागलं आणि संघटनेची मान्यता गेली, ती गेलीच. त्यामुळे आपलं म्हणणं वर न्यायचं तर अर्जाने, आकडे मांडून, शांतपणे न्यावं लागतं. पण नेता येतं.

खेड्यातल्या ठाण्यात मात्र आठ तासांचं गणित बसत नाही. का, ते पहिल्या महिन्यातच समजून घ्या, नाहीतर ड्युटी लावणाऱ्यावर विनाकारण राग धराल. मंजूर बळ पन्नासचं असलं तरी भरलेल्या जागा कमी असतात. त्यातून कोर्टाचा माणूस वजा करा, समन्स-वॉरंटचे दोन, संगणकावरचे दोन, गोपनीयचा एक, मुख्यालयाला संलग्न गेलेले, आजारी रजेवरचे, प्रसूती रजेवरची एखादी, आणि सकाळी अचानक लागलेली कैदी पार्टी, म्हणजे कैद्यांना ने-आण करायची ड्युटी. उरलेल्या पंधरा-सोळा जणांत साठ-सत्तर गावं आणि रात्रीची गस्त. ड्युटी लावणाराही रात्री दोन वाजता तुमच्यासारखाच जागा असतो.

झोपेबद्दल मी कडक बोलणार आहे. रात्रपाळी उतरल्यावर चहाच्या टपरीवर दोन तास बसायचं नाही. घरी जायचं, खिडकीला चादर लावायची, झोपायचं. बंदोबस्तात पहिली चार तासांची विश्रांती मिळाली की मोबाइल बघायचा नाही. मी पहिली दहा वर्षं हे पाळलं नाही आणि चाळिशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झाली. वर्षाला किरकोळ रजा आता वीस आहेत, २०२२ पर्यंत बाराच होत्या. त्या घ्या. डिसेंबरात उरलेल्या रजा मोजत बसणारे आणि "मी वर्षभर एक पण रजा घेतली नाही" हे अभिमानाने सांगणारे मी खूप पाहिले. त्यातल्या दोघांच्या अंत्ययात्रेलाही गेलो.

तरीही, माझी झोप उडाली ती तासांमुळे नाही. उभं राहून राहून सुजलेले पाय दोन दिवसांत उतरतात. जे मला आतून खाऊन गेलं ते एका बाटलीएवढं होतं. त्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे.

२०१६ च्या अखेरीस मी पोलीस नाईक झालो. ते पद आता राहिलं नाही, २०२२ मध्ये शासनाने रद्द केलं, तुम्ही शिपायाचे थेट हवालदार व्हाल. पण तेव्हा नाईक झालं की मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची प्रकरणं, अंगावर यायला लागायचे. गळफास, बुडून, सर्पदंश, वीज पडून, विष घेऊन. आकस्मिक मृत्यूची चौकशी ही शिकायला सोपी, असं समजून ती नव्या नाईकाकडे दिली जायची.

ऑक्टोबर २०१७. कपाशीवर फवारणीचा हंगाम. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, सगळ्या राज्याचं लक्ष तिकडे होतं. आमच्या हद्दीतही एक जण गेला. तीन एकर कोरडवाहू, वय चाळीसच्या आत. शेतातून आल्यावर उलट्या, डोळ्यांची आग, ग्रामीण रुग्णालयात रात्री मृत्यू. रुग्णालयाचा मेमो आला, मी गेलो. इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा पंचनामा केला, सकाळी शेतात जाऊन घटनास्थळाचा पंचनामा केला, फवारणीचा पंप आणि औषधाची रिकामी बाटली जप्त केली. डॉक्टरांनी व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, बाटल्यांत राखून ठेवला आणि मृत्यूचं कारण रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आल्यावर देऊ असं लिहिलं. त्या सीलबंद बाटल्या मी मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, जमा केल्या. तिथला हिशेब ठेवणाऱ्या मोहररने नोंद घेतली. इथपर्यंत माझ्या कामात काही खोट नव्हती.

पुढचं काम एका दिवसाचं होतं. प्रयोगशाळेच्या नावे पत्र, शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत, इन्क्वेस्टची प्रत, डॉक्टरांच्या सीलचा नमुना, ठाणेदारांची सही. मग बाटल्या घेऊन सकाळच्या एसटीने अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जायचं, पोच घ्यायची, संध्याकाळी परत. बस.

दुसऱ्या दिवशी मला कैदी पार्टी लागली. मग दिवाळीचा बंदोबस्त. मग एका चोरीच्या तपासात मदतीला गेलो. डिसेंबरात नागपूरला अधिवेशनाचा बंदोबस्त, तिथे एका शाळेच्या वर्गात पंधरा दिवस जमिनीवर झोपलो. परत आलो तर १ जानेवारीला कोरेगाव भीमाची घटना झाली, ३ तारखेला राज्यभर बंद, आणि पुढचे दोन आठवडे गावागावांत शांतता बैठका. बाटल्या मालखान्यातच होत्या.

मी एका जुन्या हवालदाराला विचारलं होतं. तो माझा वस्ताद होता, गुन्हे उघड करण्यात त्याचं नाव होतं. तो म्हणाला, "अरे, मर्गाले कोण विचारते? गुन्ह्याले साठ दिवस, नव्वद दिवस हायेत. आरोपी सुटला तर गळ्याशी येते. मर्गाले कोर्टाची तारीख हाय का? राहू दे. निवांत झाला की जाय."

इथे थांबून समजून घ्या, कारण सगळा सापळा या बोलण्यात आहे आणि बोलणं खरं आहे. आरोपी अटकेत असला की दोषारोपपत्राला गुन्ह्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत असते. ती चुकली की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये आहे. त्या मुदतीच्या धाकाने आपण रात्र रात्र जागून कागद पूर्ण करतो. पण ज्या कागदाला मुदत नाही, तो कुणाच्याच धाकात नसतो. त्याच्यावर वरचा ओरडत नाही, वकील अर्ज करत नाही, वर्तमानपत्रात येत नाही. तो शांत पडून राहतो. तुमची सही असते फक्त, आणि तुमच्या डोक्यात एक टोचणी. महिन्याच्या गुन्हे बैठकीत प्रलंबित मर्गांचा आकडा वाचला जातो तेव्हा तेवढ्यापुरता घाम फुटतो आणि बाहेर आलं की वाळतो.

ती बाई बाजाराच्या दिवशी यायची. तिचा नवरा शेतकरी अपघात विमा योजनेत बसत होता, सातबारा त्याच्या नावावर होता, दोन लाख रुपये मिळणार होते. विषबाधेच्या प्रकरणात तालुका कृषी कार्यालय रासायनिक अहवाल मागतं. पहिल्यांदा ती आली तेव्हा दाराजवळ उभी राहूनच म्हणाली, "जमादार, माह्या मालकाचा कागद आला का जी?"

मी म्हणालो, "अजून प्रयोगशाळेतून यायचा आहे."

कागद गेलाच नव्हता, तर येणार कुठून? पण माझ्या तोंडून ते निघून गेलं. तेव्हा मला ते खोटं वाटलंही नाही, वेळ मारून नेणं वाटलं. मात्र त्यानंतर मी बांधला गेलो. पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा खरं सांगायचं तर आधी खोटं बोललो हे सांगावं लागलं असतं. ठाणेदारांना सांगायचं तर इतके दिवस का थांबलास, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मोहररला म्हणायचं, बाटल्या काढ, तर तो तारीख बघणार. प्रत्येक आठवड्याला ते सांगणं आधीच्या आठवड्यापेक्षा अवघड होत गेलं. ती सहा वेळा आली. सहाव्या वेळी तिच्यासोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी होती आणि मी मागच्या दाराने निघून गेलो.

मे अखेर बदल्यांचा आदेश निघाला. माझी पाच वर्षं झाली होती, शेजारच्या तालुक्यात गेलो. जाताना चार्ज देताना मी बाकीचे सगळे कागद दिले. तो एक मर्ग दिला नाही. पत्र्याच्या पेटीत गणवेशांच्या खाली ठेवला. मनाला सांगितलं, तिकडे स्थिर झालो की एक दिवस रजा टाकून येतो, बाटल्या काढतो, अमरावतीला नेऊन देतो, कुणाला कळणार नाही. असे कागद पेटीत घेऊन फिरणारा मी एकटा नव्हतो आणि आजही असे लोक आहेत. तुमच्यातलं कुणी हे वाचताना मान खाली घालत असेल तर त्याच्यासाठीच हे लिहितो आहे.

नव्या ठाण्यात काम हलकं होतं. पाळ्याही बऱ्या होत्या. तरी रात्री तीनला जाग यायची. छातीत धडधड. मुलाने अभ्यासाचं काही विचारलं की अंगावर ओरडायचो. बायको म्हणायची, "तुमी घरी असून नसल्यावाणी हाय." डॉक्टरांनी विचारलं, कामाचा ताण आहे का, मी म्हटलं, आहे, आमच्या नोकरीत असतोच. हे वाक्य किती सोयीचं आहे बघा. खात्याच्या नावावर सगळं खपून जातं. तास, साहेब, राजकारणी, सुट्टी, सगळ्यांना मी दोष दिला आणि त्यातला बराचसा खराही होता. पेटीबद्दल कुणाला बोललो नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बोलावणं आलं. बाई कृषी कार्यालयातून थेट वर अर्ज घेऊन गेली होती. जुन्या ठाण्यात शोधाशोध झाली, मर्गाचा कागद सापडेना, नोंदवहीत चौकशी अधिकारी म्हणून माझं नाव. पेटी उघडून मी तो कागद घेऊन गेलो. पेशी झाली, कसुरी अहवाल गेला, वेतनवाढ एक वर्षासाठी रोखली गेली. बाटल्या मालखान्यात होत्या तशाच होत्या. लगेच पाठवल्या. सोळा महिन्यांनी गेलेल्या त्या व्हिसेऱ्यात विषाचा अंश आढळला नाही असा अहवाल आला. काही कीटकनाशकं दिवसांगणिक विघटित होत जातात, हे मला तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसाने समजावून सांगितलं. विम्याचा प्रस्ताव परत आला.

मी तिच्या घरी गेलो होतो. काय बोललो ते लिहीत नाही. तिने पाणी दिलं.

पेशीच्या रात्री मला सलग सात तास झोप लागली, दीड वर्षात पहिल्यांदा. शिक्षा झालेली, पगार कमी होणार होता, बाईचं नुकसान माझ्यामुळे झालं हे पक्कं झालेलं, आणि तरी झोप लागली. मला याची लाज वाटते, पण तुम्हाला सांगणं भाग आहे, कारण त्यातून मला कळलं की इतके दिवस जीव कशाने घाबरा होत होता. ज्या शिक्षेला मी घाबरत होतो ती होऊन गेली तेव्हा एका दिवसाची निघाली. लपवण्याला दीड वर्ष लागलं होतं.

आता काय करायचं ते सांगतो. कागद अडकला तर तीन ओळींचा अहवाल ठाणेदारांना लेखी द्या : अमुक मर्ग, अमुक तारखेपासून व्हिसेरा पाठवणं बाकी, बंदोबस्तामुळे मला जाता आलं नाही, दुसरा माणूस द्यावा. स्टेशन डायरीला नोंद घ्या. ठाणेदार चिडतील. चिडू द्या. दहा मिनिटांचं चिडणं असतं ते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी माणूस मिळतो. मिळाला नाही तरी ते ओझं तुमच्या एकट्याच्या छातीवर राहत नाही.

केस डायरी रोजच्या रोज. कायद्यात ती दैनंदिनी आहे, आता नव्या संहितेचं कलम १९२. महिन्याची डायरी एका रात्रीत बसून लिहायची सवय ज्याला लागली, त्याला उलटतपासणीत वकील कधी पकडेल याची भीती निवृत्तीपर्यंत पुरते. "मागच्या तारखेत लिहून टाक" असं जो शिकवतो तो कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडून फक्त गुन्हेगार कसा ओळखायचा ते शिका. कागद शिकायचा तर ठाण्यातल्या मुद्देमाल मोहररकडे किंवा जुन्या क्राईम मोहररकडे जाऊन बसा. त्या लोकांना कुणी विचारत नाही, सत्कार होत नाहीत, फोटो येत नाहीत. पण कुठला कागद कशामुळे परत येतो हे त्यांना पाठ असतं. माझं मत विचाराल तर पहिली तीन वर्षं कुठल्याही शाखेत जायला धडपडू नका. वशिला लावून स्थानिक गुन्हे शाखेत गेलेली पोरं मी पाहिली. आरोपी धरता येतो, पंचनामा लिहिता येत नाही, आणि मग कोर्टात उभं राहायची वेळ आली की त्यांचे हात थरथरतात.

बदली झाली की चार्जची यादी दोन प्रतींत करा. गुन्हे, मर्ग, चौकशी अर्ज, मुद्देमाल, सगळं. घेणाऱ्याची सही, तारीख, डायरीला नोंद, एक प्रत आपल्याजवळ. एकही कागद घरी न्यायचा नाही. एकही नाही.

आणि जो माणूस दाराशी येऊन विचारतो त्याला खरं सांगा. "अजून पाठवलं नाही, या आठवड्यात पाठवतो" हे सांगितल्यावर माणूस दोन शब्द बोलेल, शिव्याही देईल. नव्या संहितेत तर तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे. काहींना ते आणखी एक काम वाटतं. मला ते आपल्याच जिवाला सोपं करणारं कलम वाटतं, कारण कळवायची तारीख ठरली की खोटं बोलायला जागा उरत नाही.

बाकीची कारणंही आहेत, ती थोडक्यात. चारचौघांत झालेला अपमान, मग तो साहेबाने केलेला असो की मोटरसायकल अडवल्यावर कुणा पुढाऱ्याच्या भाच्याने. तो घरी नेऊ नका असं म्हणणं सोपं आहे, मला अजून जमत नाही. त्या दिवशी मी घराच्या अलीकडे गाडी थांबवून पाच मिनिटं उभा राहतो, मग जातो. कर्ज : पतसंस्था लागल्या लागल्या कर्ज देते, हप्ता पगारातून जातो, म्हणून गाडी घेऊ नका. पहिल्या वर्षी तर नाहीच. हप्त्यांनी हातात पगार उरला नाही की माणूस वरकमाईच्या दारात उभा राहतो, आणि तिथून आत ओढणारे मित्रच असतात. दारू : बंदोबस्त सुटल्यावर थकवा घालवायला म्हणून सुरू होते. मी कुणाला उपदेश करायच्या लायकीचा आहे असं मानत नाही, पण माझ्या तुकडीतल्या पाच जणांची नावं मला त्यामुळे माहीत आहेत आणि त्यातले तीन हयात नाहीत. मोबाइलवरचे ठाण्याचे गट : रजेवर असताना आवाज बंद करा. खरंच तातडीचं असेल तर फोन येतो.

मुलींसाठी वेगळं. बंदोबस्ताच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसतं म्हणून पाणी न पिता बारा तास काढणाऱ्या माझ्या सहकारी आहेत, त्यातल्या कितींना मूत्रमार्गाचे आजार जडले. हे सहन करायचं प्रकरण नाही. बंदोबस्ताच्या आदल्या दिवशी प्रभारी अधिकाऱ्याला विचारा, जागा कुठे आहे, नसेल तर बदली कोण येणार. दोघी-तिघींनी मिळून विचारा. विचारलं की सोय होते, हे मी स्वतः पाहिलंय. महिलांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा निर्णय राज्यात झालेला आहे. सणावारी तो बाजूला पडतो, पण इतर दिवशी त्याची आठवण करून द्यायला संकोच करू नका.

आणि रात्रपाळी करून उतरलेल्यांना सकाळी सातला ताणमुक्तीच्या शिबिराला बसवू नये, हे मी संबंधितांना लेखी कळवलेलं आहे. त्या पोरांना त्या वेळी झोप हवी असते.

एक गोष्ट फार गांभीर्याने. आपल्या हाताशी हत्यार असतं. मनात नको ते विचार येऊ लागले, एकदाही आले, तर त्या दिवशी हत्यार जमा करा आणि ठाणे अंमलदाराला सांगा की बरं वाटत नाही. कारण विचारलं तर पोट दुखतंय म्हणा, पण जमा करा. मग १४४१६ ला फोन लावा. ती टेली मानसची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा लावताना मी चार वेळा कापला, पाचव्यांदा बोललो. पलीकडच्या मुलीने फक्त ऐकून घेतलं. जवळचा एखादा माणूस असेल तर आधी त्याला सांगा, आमच्या ठाण्यात असाल तर मला उठवा, कितीही वाजलेले असोत.

परवाची गोष्ट. नव्या पोरांतला एक रात्री अकराला आला. विहिरीत बुडालेल्या माणसाचा व्हिसेरा होता, सकाळी त्याला अमरावतीला जायचं होतं. मी त्याचे कागद एकेक करून पाहिले. पत्र होतं, प्रती होत्या, सही होती. सीलचा नमुना नव्हता. तो म्हणाला, "सकाळी घेतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात जातो, उद्यापासून यात्रेचा बंदोबस्त पण हाय." मी गाडी काढली. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर रात्रपाळीला होते, त्यांनी कुरकुर केली, नमुना दिला. पहाटे साडेपाचची एसटी त्याने धरली. दुपारी एकला त्याचा फोन आला, "जमादार, पोच भेटली, फोटो टाकतो."

मी म्हटलं, फोटो टाक, पण मूळ कागद शर्टाच्या आतल्या खिशात ठेव आणि आल्याबरोबर नोंद घाल. बंदोबस्ताला मग जा.